हिरव्या पट्ट्याचं गाडगं

ट्युनिशियातल्या केर्केना बेटाभोवतीचा समुद्र इतका उथळ, की भर दुपारी मासे वाळूवर पोट टेकून पाठ शेकत बसतात. मोंजी कोळी एकदा होडीतून पडला, तर म्हणे त्याच्या फक्त चपला भिजल्या. हे त्याचंच सांगणं. त्याचं अर्धं बोलणं असं असे, आणि उरलेलं अर्धं याहून मोठं.

त्याचा धंदा ऑक्टोपसचा. लांब दोराला साठ मातीची गाडगी बांधून तळाशी सोडायची. आमिष नाही, गळ नाही. रिकामं घर दिसलं की ऑक्टोपसला राहवत नाही. तो आत शिरतो, आणि दोर ओढला तरी पळत नाही, उलट जास्तच चिकटून बसतो. “तीन पोरं वाढवली,” मोंजी चहा पिता पिता म्हणे, “पण घराला असं चिकटून बसणारं एकही निघालं नाही.”

साठातली तीन गाडगी पोरांची. रीमच्या गाडग्याला निळा पट्टा, लुत्फीच्या तांबडा, धाकट्या सोंदोसच्या हिरवा. अठरा वर्षांची रीम जेव्हा समोरच्या किनाऱ्यावर, सफाक्स शहरात, नर्सचं शिकायला जाते म्हणून हटून बसली, तेव्हा मोंजीच्या तोंडून ‘जा’ काही निघेना. शेवटी म्हणाला, “मला कशाला विचारतेस? समुद्राला विचार. तुझ्या गाडग्यात ऑक्टोपस आला, की समज त्याची परवानगी मिळाली.” आठ दिवस गाडगं रिकामं. नवव्या दिवशी पोरीचे सुजलेले डोळे बघून मोंजीनेच आपला एक लठ्ठ ऑक्टोपस गुपचूप निळ्या पट्ट्याच्या गाडग्यात कोंबला. लुत्फी गॅबेसच्या बंदरात कामाला निघाला, तेव्हाही तेच. होता होता तो घरचा नियमच होऊन बसला, जणू पणज्यापासून चालत आलेला.

रीम लग्न करून तिकडचीच झाली. लुत्फी फक्त ईदला यायचा आणि मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसायचा. मोंजी म्हणायचा, “हा खरा ऑक्टोपस. गाडगं तेवढं स्वतःचं घेऊन आलाय.”

आणि या एप्रिलमध्ये बारा वर्षांच्या सोंदोसने एक अर्ज आणून त्याच्यापुढे ठेवला. सफाक्सच्या निवासी शाळेची प्रवेशपरीक्षा. बाईंनी सांगितलं होतं, ही पोरगी नक्की निवडली जाईल. खाली बापाची सही हवी होती.

“समुद्राला विचारू,” मोंजी म्हणाला.

“विचारा. पण महिनाअखेरीच्या आत उत्तर दे म्हणावं त्याला. बाईंनी मुदत दिलीय.”

तीन आठवडे गेले. दर रविवारी सोंदोस होडीत यायची, दोर ओढायची आणि हिरव्या पट्ट्याचं गाडगं रिकामं बघून पुन्हा पाण्यात सोडायची.

खरं तर ते गाडगं रिकामं राहतच नव्हतं. पोरगी शाळेत असताना मोंजी एकटा जायचा, आणि साठ गाडग्यांत त्या एका गाडग्यावर ऑक्टोपसांचा कसा जीव जडला होता कोण जाणे. तिथे एक तरी बसलेला असायचाच. पहिल्या दिवशी त्याने तो उचलून आपल्या टोपलीत टाकला आणि स्वतःला सांगितलं, चुकून झालं. पुढे तेही सांगणं त्याने सोडून दिलं. जन्मभर त्याने थापा मारल्या होत्या, पण कुठल्याही थापेने त्याची झोप उडवली नव्हती. सही केली, की सप्टेंबरपासून घरात तो आणि बायको नजिया. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचे गुडघे कुरकुरताना ऐकायचे.

शनिवारी त्याने आणलेला ऑक्टोपस बघून नजियाने विचारलं, “हा कुणाच्या गाडग्यातला?”

“माझ्या.”

“रोज तुमच्याच?”

“देखणा आहे ना मी.”

तिने ऑक्टोपसचं डोकं मोज्यासारखं उलटं करून साफ केलं. मोंजीने नेहमीप्रमाणे तो दारातल्या दगडावर चाळीस वेळा आपटून मऊ केला, आणि रविवारच्या जेवणातल्या कुसकुससाठी परातीत झाकून ठेवला.

रविवारी सकाळी सोंदोस पुढे बसून दोर ओढत होती. मागे मोंजी लांब काठीने होडी रेटत होता. होडी वळवायला त्याने पाठ फिरवली, तेवढ्यात आवाज आला, “बाबा, आला.”

हिरव्या पट्ट्याच्या गाडग्यातून आठ पाय लोंबत होते, उकडलेल्या शेवयांसारखे. डोळे जागेवर नाहीत. डोकं उलटं. स्वतःचे चाळीस घाव मोंजीला लगेच ओळखू आले.

“याला झालंय काय?”

“दमलाय. लांबून आला असेल.”

“डोकं उलटं करून?”

“घाईत निघाला असेल. तुझे आजोबा नाही का, घाईत सदरा उलटा घालून पार इटलीपर्यंत वल्हवत गेले होते?”

मोंजीला हसू फुटलं, पण पोरगी हसत नव्हती. दोन्ही हातांनी तिने तो मेलेला गोळा गाडग्यात घट्ट दाबून धरला होता, जणू आता निसटून पळेल.

“दर रविवारी माझ्या गाडग्यात खेकड्यांची ताजी टरफलं असतात, बाबा,” ती खाली बघत म्हणाली. “खेकडे खाऊन ऑक्टोपस जातो कुठे, ते मला कळत नव्हतं. मग काल आईच्या परातीत बघितला. आईला मी काही बोलले नाही.”

मोंजीने काठी वाळूत रुतवली. आजवर प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एक गोष्ट तयार असायची. आता तो पुढे आला आणि त्याने नुसती गाडग्याच्या हिरव्या पट्ट्यावरची वाळू अंगठ्याने पुसली.

“आला म्हणजे आला,” अखेर तो म्हणाला. “कसा आला, ते आपण कशाला विचारायचं?”

सोंदोसने पोलक्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अर्ज काढला. पेनही होतं. मोंजीने हात सदऱ्याला पुसले, गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. ती तिरकी होऊन ओळीच्या खाली उतरली.

“वाकडी आली.”

“असू दे. बाईंना सांगते, लाटा होत्या.”

समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता.

घरी आल्यावर मोंजीने तो ऑक्टोपस उचलला आणि दारातल्या दगडावर आपटायला सुरुवात केली.

“बाबा, तो कालच बडवलाय.”

“हा वेगळा. हा आज आलाय.”

नजिया दारात आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, पोरीच्या हातातल्या कागदाकडे बघितलं आणि कुसकुसचं आधण ठेवायला आत गेली. चाळीस झाले. साठ झाले. एक पाय तुटून दगडावर पडला, तरी मोंजीचा हात थांबेना.

“पुरे ना बाबा, मऊ झालाय,” सोंदोस म्हणाली.

“अजून नाही,” तो मान न वळवता म्हणाला, आणि पुन्हा हात उगारला. ती त्याच्या पाठीमागेच उभी राहिली. पुढे जाऊन त्याचा चेहरा बघायचं धाडस तिला झालं नाही.