दादाचं नाक

आमच्या कारखान्यात फर्निचरला पॉलिश होतं. थिनर, लॅकर आणि रंगाचं प्रमाण जुळवायची खोली दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. हिशेब, पत्रव्यवहार आणि सगळ्यांची बोलणी खाणं माझ्याकडे. डबा उघडला की दादा त्यावर वाकायचा, शेजारच्याच्या तोंडाकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. कारागीर त्याच्या पाठीमागे त्याला ‘नाक’ म्हणायचे. ते त्याला ठाऊक होतं आणि तो मनातून सुखावायचा.

सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, पर्यावरण व्यवस्थापन पद्धती बसवा, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. मग सल्लागार बाई आल्या. सांडपाणी कुठे जातं, थिनरच्या चिंध्या कुठे टाकता, हवेत वाफ किती, असं विचारून विचारून त्यांनी आमचं डोकं खाल्लं. रिकामे डबे पुसून, झाकण लावून वेगळे ठेवायचे म्हटल्यावर पॉलिशवाला म्हणाला, “डब्यांचे एवढे लाड? माझ्या बायकोने कधी माझे केले नाहीत.”

दादाच्या खोलीत वाफ मोजणारं यंत्र लागलं. ते पहिल्याच दिवशी बोंबलायला लागलं.

“बिघडलंय,” दादा म्हणाला.

दुसरं आणलं, तेही बोंबललं. त्याने बटण बंद करून टाकलं. “माझं नाक असताना हे खेळणं कशाला?”

मलाही ते पटलं. आमच्या घरात दादाचं सगळ्यांनाच पटतं, हीच तर रड आहे.

मग थिनर सांडल्याची रंगीत तालीम आली. पद्धतीत ती करावीच लागते आणि कुणाला आधी सांगायची नसते. बाईंनी दादाच्या खोलीतल्या कपाटामागे थोडं थिनर ओतलं. बाहेर काम करणारे कारागीरसुद्धा खोकत अंगणात आले. दादा आला नाही. मी तोंडाला रुमाल बांधून आत गेले. तो शांतपणे रंग ढवळत होता.

“दादा, बाहेर चल.”

“का गं?”

“कसला वास येतोय, सांग बरं?”

त्याने सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तोंड रुमालात होतं. त्याची नजर माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत राहिली.

तेव्हा मला कळलं. रंगाची जाडी त्याला हाताने समजायची, बाकीचं तो आमच्या चेहऱ्यांवर वाचायचा. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच रागात रडूही आलं.

डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं वाफेत काम केलंय, गेलेला वास आता परत यायचा नाही. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिने विचारलं, “अहो, मग घरात पाऊल टाकताच रोज म्हणायचात ना, काय घमघमाट सुटलाय?”

“तू खुशीत दिसलीस की म्हणायचो.”

वहिनी उरलेल्या पायऱ्या भराभर उतरून पुढे निघून गेली.

ज्याला वास येत नाही त्याने त्या खोलीत काम करायचं नाही, असा नियम नव्या पद्धतीत होता. मीच तो मान्य करून सही केली होती. मी किल्ली मागितली.

“तू गप्प बसली असतीस तर चाललं असतं,” दादा म्हणाला.

“आणि उद्या खरंच सांडलं तर?”

“मग मी दुसरीकडे बसून काय करू, ते तरी सांग.”

त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

प्रमाणपत्र मिळालं, ऑर्डरही आली. दादा आता पुढच्या ऑफिसात बसतो, आलेल्या माणसाला बसा म्हणतो. आतलं यंत्र वाजलं की मान वर करतो, पण उठत नाही. त्याला आता कुणी ‘नाक’ म्हणत नाही.

परवा भाची, दादाची मुलगी, तिचं बाळ घेऊन पहिल्यांदाच आली. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने त्याच्या टाळूला नाक लावलं. मग बाळ दादाच्या मांडीवर दिलं. तो वाकला आणि त्यानेही टाळूला नाक लावलं. मग मान वर करून त्याने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं.

वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसली.

“दुधाचा आहे,” ती हळूच म्हणाली. “आणि थोडा उन्हात वाळलेल्या कपड्यांचा. आपल्या मुलीला यायचा ना, तसाच.”

“हो,” दादा म्हणाला. “तेव्हा येत होता मला.”