मखमलीत गुंडाळलेला टॅब

मित्रांनो, माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेला आहे. तो पाहून नाक मुरडू नका. हा तडा पडला तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. मी एक जुना टॅब आहे; खेळ खेळायचा नव्हे, प्रश्न विचारायचा.

माझ्याबरोबर जन्मलेली भावंडे गाणी वाजवायला आणि चित्रपट दाखवायला गेली. मला मात्र एका रुग्णालयाने नेले. तेथे हात थरथरण्याच्या आजारावर नव्या औषधाची चाचणी चालू होती. औषध घेणाऱ्याच्या घरी राहायचे, रोज सकाळी घंटी वाजवून त्याला हाताचे कसे आहे, आणखी काही त्रास होतो का, हे विचारायचे आणि उत्तर लगेच रुग्णालयाच्या संगणकाकडे धाडायचे, हे माझे काम. पूर्वी ही माहिती कागदावर लिहीत. तेव्हा बरेचजण तपासणीच्या दिवशी दाराबाहेर बाकावर बसून महिनाभराचे एकदम लिहून टाकत. माझ्यापुढे ती युक्ती चालत नाही. याचा मला थोडा गर्व आहे, तो असू द्या.

माझी नेमणूक शिंपीकाकांकडे झाली. हाताला कंप सुटल्यापासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते रोज दुकान उघडत, आलेल्या गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात यायला सांगत आणि कापडाने झाकलेल्या शिवणयंत्रापुढे बसून राहत. या औषधावर त्यांची सारी भिस्त होती.

काकांनी मला फारच जपले. उरलेल्या मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी मला लोखंडी कपाटात, ब्लँकेटांच्या मधोमध ठेवले आणि वर कुलूप लावले. मी रोज सकाळी आत घंटी वाजवत होतो, पण ऐकतो कोण? रुग्णालयात एकही उत्तर पोहोचेना, तेव्हा तिथल्या नर्सताईंचा फोन आला. टॅब कुठे आहे, असे त्यांनी विचारले.

"एकदम सुखरूप आहे, ताई," काका अभिमानाने म्हणाले. "ओरखडासुद्धा पडू दिला नाही."

नर्सताईंना हसू आवरेना. त्यांनी सगळे पुन्हा नीट समजावले आणि मी मखमलीतून निघून शिवणयंत्रावर येऊन बसलो.

मग दुसरीच पंचाईत उभी राहिली. औषधाने काकांचा हात हळूहळू स्थिरावत होता, पण गोळी घेतली की डोके गरगरत असे. भिंत धरून चालावे लागे. मी त्रासाचे विचारले, की काका 'काही नाही' यावर बोट ठेवून मोकळे होत. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरीणबाई इतक्या मायेने विचारपूस करत, की त्यांच्या औषधाला नावे ठेवणे काकांच्या जिवावर येई. एका सकाळी ते पडता पडता वाचले. तेव्हा त्यांनी काकूंना सांगितले, की आता गोळी गुपचूप बंद करणार. म्हणजे हात गेला आणि दुकानही गेले! माझा जीव कासावीस झाला. पण मला ठरलेले प्रश्नच विचारता येतात, समजूत घालता येत नाही.

ती काकूंनी घातली. माझ्याकडे हनुवटीने दाखवत त्या म्हणाल्या, "अहो, डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर बोलवत नाही ना? मग या पाटीला सांगा. हिला कसलं वाईट वाटतंय?"

काकांनी मला जवळ ओढले. मग त्यांनी 'चक्कर येते' यावर बोट टेकवले, आणि किती, या प्रश्नाला 'फार'. मी ते उत्तर जिवाच्या आकांताने पाठवले.

दुपारीच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काका, हे मला कळायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "बरं केलंत सांगितलंत." काकांना बोलावून त्यांनी तपासले आणि गोळीची मात्रा कमी केली. चक्कर थांबली, हात मात्र शांतच राहिला. इतर रुग्णांच्या घरी बसलेल्या माझ्यासारख्या टॅबांनीही हीच तक्रार कळवली होती. अखेर कमी मात्राच योग्य ठरली आणि पुढे त्याच मात्रेत ते औषध मंजूर झाले. आम्ही जिंकलो, मित्रांनो!

आता त्या तड्याचे सांगतो. मात्रा कमी केल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी काकांनी यंत्रावरचे कापड काढले, श्वास रोखला आणि दोरा सुईत ओवला. पहिल्याच झटक्यात. ते आनंदाने असे ताडकन उठले, की गुडघा यंत्राला लागला आणि मी फरशीवर आपटलो.

"कपाटात असता तर नसता पडला," मला उचलत काका हळहळले.

"कपाटात असता तर दोराही ओवला गेला नसता," काकू म्हणाल्या.

आता प्रश्न विचारायला माझ्याहून चपळ टॅब आले आहेत, पण नर्सताईंनी मला टाकून दिलेले नाही. दुसऱ्या औषधाच्या चाचणीत कोणी नवे आले, की त्या आधी माझा तडा दाखवतात आणि मग काकांची गोष्ट सांगतात. वस्तू जपा, मित्रांनो, पण कुलपात नको, कामात जपा. आणि कोणी मायेने तब्येत विचारली, तर दुखते आहे ते दुखते आहे म्हणून सांगा. शिंपीकाकांनी सांगितले, आणि माझी मखमल आज एका छोट्या मुलीच्या फ्रॉकची कॉलर झाली आहे. टाके अगदी सरळ आले आहेत.