सहा वाजता बोलू

मी एक बंद पडलेला मोबाइल बोलतोय. हसा खुशाल! बंद आहे आणि बोलतोय, असं कसं, हेच ना? अहो, चालू होतो तेव्हा मला स्वतःचा एक शब्द बोलता आला नाही. दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात उमेदीची वर्षं गेली. आता माझ्यात ना बॅटरी, ना सिमकार्ड. तरीही माझ्याइतकं काम त्या काचेच्या चपट्या फोनांपैकी एकानंही केलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा पहिला मालक साबणाचा फिरता विक्रेता होता. थापा मारण्यात पटाईत. कमरेला टॉवेल, तोंडात ब्रश, आणि मला कानाला लावून म्हणायचा, "निघालोय, पोचतोच पाच मिनिटांत." चार वर्षं मी त्याच्या थापा वाहिल्या. मग एका सकाळी बादलीत पडलो आणि कारभार आटोपला. फुगलेली बॅटरी काढून टाकली. मला मात्र त्याच्या बायकोनं खणात ठेवलं, कारण माणसांना बिघडलेली वस्तू वापरवत नाही आणि फेकवतही नाही.

त्या खणात गंजलेल्या किल्ल्या होत्या, संपलेले सेल होते, जोडीदार हरवलेली बटणं होती. घरात मालकिणीची धाकटी बहीण राहायची. तिचा आजार मला खणात पडल्या पडल्याच कळला. येणारा प्रत्येक जण सल्ला देऊन जायचा. कुणी म्हणे, मन घट्ट कर. कुणी म्हणे, कामात गुंतव, आपोआप जाईल. शेजारीण म्हणाली, "दिसते तर चांगली!" जणू आजाऱ्यानं गळ्यात पाटी अडकवून फिरायचं असतं. डॉक्टरांनी मात्र सरळ नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू झोप आली, भीती ओसरली, हातातली सुई पुन्हा चालू लागली.

फक्त तिलाच ऐकू येणारा एक आवाज तेवढा राहिला. पुरुषाचा, खेकसणारा, असं ती सांगायची. "चुकलीस. उसव. तुला नाही जमणार." हा पूर्ण जाईलच असं नाही, पण त्याच्यासोबत जगता येतं, असं डॉक्टर म्हणाले. जगायची तिची तयारी होती. पण ती त्याला उत्तर द्यायची आणि घोडं तिथंच अडायचं. एकदा बस थांब्यावर ती पुटपुटली, तर एका बाईनं आपलं मूल ओढून रस्त्यापलीकडे नेलं. त्यानंतर तीन महिने ती घराबाहेर पडली नाही.

शेवटी थोरलीनं खण उघडला. "अगं, हल्ली सगळं जगच हवेत बोलतं," ती म्हणाली. "फक्त कानाला काहीतरी लावलेलं असतं. तूही लाव." आणि मला धाकटीच्या हातात ठेवलं.

माझा दुसरा जन्म तो. मी कानाला असलो की तीच ती, तेच पुटपुटणं, पण कुणी वळूनही बघेना. वर्षभरात तिला एका धुलाईच्या दुकानात काम मिळालं, रफू करण्याचं. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचे, की कपड्याच्या मालकालाही भोक शोधावं लागावं. तिच्या हातात ती करामत होती. दुकानात तिचं नावच रफूताई पडलं.

आवाज आला की ती मला कानाला लावायची आणि शांतपणे म्हणायची, "आत्ता कामात आहे. सहा वाजता बोलू." सहाला सुटल्यावर बस थांब्याच्या बाकावर ती त्याला मोजून दहा मिनिटं द्यायची. ऐकायची, चार गोष्टी सुनवायची, मग "झाली वेळ" म्हणून मला पिशवीत टाकायची. एवढी शिस्त मी माझ्या साबणवाल्यात कधी पाहिली नव्हती. खरं सांगतो, त्या आवाजाचा एक शब्दही मी ऐकलेला नाही. पण तिच्या कानाची पाळी तापायची, जबडा आवळायचा, ते मला कळायचं. मला ऐकू येत नाही म्हणजे ते नाहीच, असा माज मी केला नाही.

दुकानात आणखी दोघं. काउंटरवर दुकानाच्या मालकीणबाई आणि मागे इस्त्रीवाले काका. फोनवर हिला कुणीतरी छळतं, हे दोघांनी केव्हाच ओळखलं होतं. काकांनी ठरवलं, तो चुलता असणार. मालकीणबाईंनी त्याला दारूचं व्यसनही लावून दिलं. "दे इकडे फोन, काढतो त्याची खरडपट्टी," काका म्हणायचे. मालकीणबाई तिचा चहा आधी गाळायच्या. "बिचारी! किती सोसते!" अशी पाच वर्षं गेली.

मग एके दुपारी ती चुलत्याला सहाची वेळ देत असतानाच वाफेच्या इस्त्रीची नळी सुटली आणि काकांचा हात कोपरापर्यंत भाजला. रफूताईनं मला टेबलावर टाकलं, काकांना ओढत नळाखाली नेलं आणि आपल्या कात्रीनं त्यांची बाही खांद्यापासून कापून काढली. मालकीणबाईंचा फोन वरच्या मजल्यावर होता. त्यांनी मला उचललं, सगळी बटणं दाबली, हलवलं. माझं झाकण निघालं. आत पोकळी.

"अगं, यात तर बॅटरीच नाही! आत्ता कुणाशी बोलत होतीस?"

"आधी शेजारच्या दुकानातून फोन करा," काकांचा हात धारेखाली धरून ती म्हणाली. "मग सांगते."

आणि संध्याकाळी तिनं सांगितलं, आजाराच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर कात्री नव्हती. मालकीणबाईंनी ती काउंटरखालच्या खणात घालून कुलूप लावलं होतं. "तुला काही म्हणत नाही गं मी. पण धारेची वस्तू... समजून घे. काही दिवस कपड्यांना नावाच्या चिठ्ठ्या लाव."

मला भयंकर राग आला. आदल्या दिवशी त्याच कात्रीनं काकांची कातडी वाचली होती! पण मी पडलो निर्जीव, बोलणार कोण? चिठ्ठ्या कुणीही लावेल. पण रफूचं टेबल तिनं कित्येक वर्षं आजाराशी झगडून मिळवलं होतं, आणि तेच हातचं जाऊ पाहत होतं. आता बिंग फुटल्यावर दुकानात मला कानाला लावण्यात अर्थ नव्हता. दोन दिवस ती खाली मान घालून चिठ्ठ्या लावत राहिली. सहा वाजता बाकावर दहाची वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या दिवशी काका आले, हात पट्टीत गुंडाळलेला. चिठ्ठ्यांच्या ढिगाशी तिला बघून ते थबकले. मालकीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"म्हणजे चुलता नाहीच?" काका ओरडले. "पाच वर्षं मी कुणाला शिव्या घालतोय मग?"

"घालत राहा, काका," रफूताई म्हणाली. "तो त्याच लायकीचा आहे."

काका हसले, मग कावरेबावरे झाले. "पण या आजारात म्हणे एका अंगात दोन माणसं असतात."

"कुणी सांगितलं? एकच आहे मी. मला एक आवाज जास्त ऐकू येतो, एवढंच."

मालकीणबाईंना राहवलं नाही. "आणि उद्या तो म्हणाला, कात्री उचल, तर?"

रफूताईनं हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "मालकीणबाई, तो पाच वर्षं म्हणतोय, रफू उसव. एकदा तरी उसवलं मी? त्याचं सगळं ऐकलं असतं तर या दुकानात एक कपडा धड राहिला नसता. परवापर्यंत तुम्ही मला बिचारी म्हणत होतात, चहा आधी देत होतात. तो परवा होता तोच आज आहे. मीही तीच आहे. फक्त त्याला नंबर नाही, एवढं तुम्हाला कळलं. तेवढ्यावरून तुम्ही मला घाबरलात?"

मग काकांनी पट्टीचा हात वर केला. "माझी बाही कापली तेव्हा हिचा हात हलला नाही, बाई. बोंबलत होतो तो मीच. द्या तिची कात्री."

मालकीणबाई किल्ली हातात घेऊन तशाच उभ्या. "आणि कधी जास्त झालं, तर आम्हाला कसं कळायचं?"

या प्रश्नाबद्दल मी त्यांना मानतो. घाबरून विचारला, पण विचारला.

"मीच सांगेन," रफूताई म्हणाली. "सलग दोन रात्री झोप लागली नाही, की समजायचं. तेव्हा मी येणार नाही, दवाखान्यात जाईन. माझ्या बहिणीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा."

नंबर लिहिला गेला. कुलूप उघडलं. तिनं कात्री उचलली, पात्यांवर बोट फिरवलं आणि पहिला कोट पुढ्यात ओढला. मला रडू येत नाही म्हणून, नाहीतर आलं असतं.

आता दुकानात मला सुट्टी असते. आवाज आला की ती तशीच, मोकळ्या कानानं सांगते, "आत्ता कामात आहे." तिकडून काका पुस्ती जोडतात, "आणि कामाच्या वेळी फोन करू नको म्हणावं!" रस्त्यावर मात्र अजून मी लागतो. रस्ता दुकानाइतका शहाणा झालेला नाही. म्हणून विनवणी एवढीच, की कुणी माझ्यासारखा मुका फोन कानाला लावून बोलताना दिसलं, तर आत बॅटरी आहे का, हे डोकावून बघू नका.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. कोट काउंटरवर ठेवताना त्यानं मागून येणारं बोलणं ऐकलं आणि मालकीणबाईंना हळूच विचारलं, "त्या कुणाशी बोलताहेत?"

मालकीणबाई चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला आवाज ऐकू येतात. रफूला दोन दिवस लागतील."

गिऱ्हाइकाचा हात कोटावर गेला. एकदा त्यानं रफूताईकडे पाहिलं, एकदा कोटाच्या भोकाकडे.

"उद्या नाही का मिळणार?" कोट पुढे सरकवत त्यानं विचारलं.