मोटरीनं कोणता मंत्र म्हटला?

उजाडायच्या आतच शालिकरामजींच्या परसात माणूस मावत नव्हतं. वांग्याचे दोन वाफे तुडवले गेले होते, कुंपणावर पोरं चढली होती आणि सगळ्यांच्या माना तळ्याकडे वळल्या होत्या. तळ्यातले रोहू आणि कटले मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासत होते, काही कुशीवर कलंडले होते. काठावरच्या मचाणावर भगव्या लुंगीतले जलधारी महाराज उभे होते. हातात तळाला भोकं पाडलेली तांब्याची घागर.

"जल रूठा हाय," महाराज म्हणाले. "रातभर देवीले मनवून राहिलो. आता पाहा चमत्कार."

चेले विहिरीच्या पाण्याच्या बादल्या देत गेले, महाराज उंचावरून धार सोडत गेले. तोंडानं मंत्र चालू होता. त्यातला एकही शब्द कोणाला कळत नव्हता, बहुधा महाराजांनाही. हळूहळू मासे धारेखाली गोळा झाले, शेपट्या हलू लागल्या आणि ऊन वर आलं तसे खाली दिसेनासे झाले.

"मेलेले मासे उठवले बाप्पा," खुशालराव म्हणाले. ते गावातले मोठे बागायतदार, ते म्हणाले की गाव म्हणणारच. खरे मेलेले मासे मात्र काठाशी तसेच पडले होते. त्यातला एकही उठला नव्हता, पण तिकडे पाहायला कोणाला सवड नव्हती.

शालिकरामजींच्या बायको पार्वताबाई हात जोडून उभ्या होत्या. अचलपूरच्या बाजारात फुलं विकून त्यांचे गुडघे गेले, म्हणून सुनेच्या सांगण्यावरून हे तळं खोदलं होतं. सून दामिनी परतवाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पहिलं वर्ष छान गेलं. या उन्हाळ्यात मासे मरायला लागले आणि खुशालरावांनी महाराजांना आणलं.

पहिल्याच दिवशी महाराजांनी तळ्याला चक्कर मारली आणि थेट दामिनीकडे बोट केलं. "या पोरीच्या पायानं जल बाटलं. हे घरातून गेली तरच मासा जगन. तवरक दर गुरुवारी सांजच्याला देवीले भोग द्या."

भोग म्हणजे पीठ, गूळ, दूध आणि झेंडूचे हार, सगळं तळ्यात. घर माळ्याचं, फुलांना काय तोटा? गुरुवारी भोग पडायचा, शुक्रवारी पहाटे मासे तडफडायचे आणि महाराज येऊन त्यांना वाचवायचे. या हिशेबात गावाला काहीच खटकलं नाही.

दामिनीनं पहिल्या भोगानंतरच सांगून पाहिलं होतं. "आई, उन्हाळ्यात पाण्यात हवा तशीही कमीच असते, त्यात हे सगळं सडून राहिलं. सडताना पाण्यातली हवा संपते. म्हणून मासे पहाटे गुदमरतात."

"तू तं असंच म्हणशीन," शालिकरामजी म्हणाले. "बोट तुह्याकडंच हाय ना."

एकदा माणसाला दोषी ठरवलं की त्याचं खरं बोलणंही सारवासारव वाटतं. तिचा नवरा अमोल खाली मान घालून बसला होता. पुढच्या शुक्रवारी, अभिषेक झाला की त्यानं तिला बाळापूरला माहेरी सोडून यायचं ठरलं. पार्वताबाईंचा जीव तुटत होता, पण त्याही गप्प राहिल्या. उद्या उरलेले मासेही मेले तर काय, ही धास्ती होती.

त्या शुक्रवारी पार्वताबाई सगळ्यांच्या आधी तळ्यावर आल्या. शेवटचा भोग म्हणून आदल्या सांजेला दुप्पट घातला होता. पाण्याला आंबूस वास येत होता आणि सगळं तळं तोंडं वर करून आ वासत होतं. त्यांना रडू आलं.

तेवढ्यात विजेची लाईन आली. स्टार्टर ऑटोवर होता, विहिरीवरची मोटर आपोआप सुरू झाली. आदल्या सांजेला मचाण नव्यानं बांधताना चेल्यांनी वाफ्यातला पाइप उचलून मचाणाला अडकवला होता, त्यामुळे पाणी वरून धबधबा तळ्यात पडू लागलं. पाहता पाहता मासे पाइपाखाली गोळा झाले आणि सावरले. महाराजांची जीप अजून यायची होती.

पार्वताबाईंनी जाऊन मोटर बंद केली. मासे पुन्हा पांगले, पुन्हा आ वासू लागले. चालू केली, पुन्हा धारेखाली आले. सून काय सांगत होती ते आता त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

महाराज आले तेव्हा परस भरलं होतं आणि मासे पाइपाखाली मजेत फिरत होते. महाराज जरा चपापले, पण जीभ तयार होती. "जीपमधी बसल्या बसल्याच जाप केला मी. पाहा, गुण आला."

"मंग जाप चालू ठेवा," पार्वताबाई म्हणाल्या. "मी मोटर बंद करते. घागर मातर खाली ठेवा."

मोटर थांबली. महाराजांनी मंत्र सुरू केला. मासे वर आले. महाराजांनी आवाज चढवला. एक कटला कुशीवर कलंडला. खुशालराव आपल्या चपलांकडे पाहू लागले.

पार्वताबाईंनी बटण दाबलं. पाणी कोसळलं आणि मासे त्याच्याखाली धावले.

"मोटरीनं कोणता मंत्र म्हटला वो महाराज?"

महाराज देवी कोपेल असं काहीतरी पुटपुटत मचाणावरून उतरले आणि घागर तिथंच टाकून जीपमध्ये बसले.

दामिनी पुढे आली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "उंचावरून पडताना पाणी हवा घेऊन येते. मग ऊन चढलं की पाण्यातलं शेवाळही हवा सोडते. महाराज नेमके तेवढा वेळ मचाणावर राहत. आता मेलेले मासे अन् भोग बाहेर काढा. काही दिवस खाद्य बंद. थोडं थोडं पाणी बदलवा अन् पहाटे पाइप असाच वरून सोडा. तळ्यात काही टाकू नका, जगतीन."

घराच्या दारात तिची बॅग भरून ठेवलेली होती. पार्वताबाई म्हणाल्या, "पोरी, बॅग आत घे."

"माशांसाठी तुमी मोटर बंद करून पाहिली, आई," दामिनी म्हणाली. "माह्याकडे बोट केलं तवा एकानं तरी विचारायचं होतं, काहून, कशावरून म्हणून."

अमोलनं मान वर केली नाही. पार्वताबाई लोकांकडे वळल्या. "आमी नाई विचारलं. तुमी विचारत जा बाप्पा. कोणी कोणाकडंही बोट केलं तं आधी विचारा, काहून. अन् मंग आपल्या डोळ्यानं पाहा."

दामिनीनं बॅग दारातच राहू दिली. ती जाळी घेऊन तळ्याकडे गेली आणि सडलेले हार बाहेर काढू लागली.