पंधरा वर्षांची झडप

श्यामकांत बर्वे यांची सगळी नोकरी दिल्लीत, एका मंत्रालयाच्या भांडार विभागात गेली. तिथे प्रत्येक वस्तूला ठरलेलं आयुष्य असे. खुर्चीला अमुक वर्षं, कपाटाला तमुक. मुदत भरली की समिती बसायची आणि वस्तू मोडीत निघायची. खुर्ची अजून चांगली आहे, असं म्हणून तिथे कुणी भांडत नसे.

बासष्टाव्या वर्षी त्यांच्याच हृदयाची एक झडप बदलायची वेळ आली. सर्जन म्हणाले, "धातूची खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. दुसरी गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. तिला बहुधा त्या गोळ्या नकोत, पण ती साधारण दहा ते पंधरा वर्षं चालते." श्यामकांतांनी दुसरी घेतली. सर्जनांच्या बोलण्यातलं 'साधारण' त्यांनी सोडून दिलं आणि पंधरा तेवढे लक्षात ठेवले. घरी आल्यावर डायरीत लिहिलं : मुदत, ९ एप्रिल २०२४.

"अहो, दुधाच्या पिशवीवर घालतात तशी तारीख काय घालताय?" त्यांची बायको वृंदा म्हणाली होती.

दर हिवाळ्यात तीच त्यांना इकोला न्यायची. छातीवर यंत्र फिरवून हृदय पडद्यावर बघतात, ती तपासणी. रिपोर्ट चांगला आला की दोघं बाहेर येऊन सामोसे खायची.

दोन हजार तेवीसच्या ऑक्टोबरात वृंदा गेली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. त्या हिवाळ्यात इको झाला नाही. कुणी नेलंच नाही, आणि श्यामकांत आपणहून जाणाऱ्यांतले नव्हते.

फेब्रुवारीत मयूर विहारच्या घराचा जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. दोन मजले, पण पहिल्यावरच थांबावं लागे. सर्जनांनी सांगितलेलं त्यांना आठवलं. झडपेच्या पाकळ्यांवर हळूहळू कॅल्शियम साचतं, त्या ताठरतात, मग दम लागतो. मुदतीला दोन महिने उरले होते. सगळं बरोबर जुळत होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा छाती उघडून घ्यायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बंगळुरूला असलेल्या मुलीला, मीनाक्षीला, काही कळवलं नाही. ते शांतपणे घराची यादी करायला बसले.

ती यादी सापडली पद्मजाला. पद्मजा म्हणजे वृंदाची धाकटी बहीण. आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची आणि दर रविवारी डबा घेऊन यायची. मागच्या रविवारचा डबा तिला फ्रिजमध्ये तसाच मिळाला, आणि फ्रिजवर ठेवलेला हा कागद.

"शिवणयंत्र, पद्मजा. पैठणी, मीनाक्षी. हे काय आहे, भावोजी?"

"चार्ज देतोय. एप्रिलात मुदत भरते."

"कसली?"

त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "धाप लागते."

"इको केलात?"

"त्यात काय करायचंय? कळतंय ना."

"वा. रिपोर्ट तुम्हीच लिहिलात, खाली सहीसुद्धा तुमचीच. ताई असती तर बघितलं असतं, असा कागद करून बसला असतात का ते."

"ती असती तर इको झाला असता, पद्मजा."

डबा ओट्यावर ठेवून पद्मजाने डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या आठला येते. तयार राहा. आणि हा स्वेटर नको, कोपर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी इको झाला, रक्त दिलं. दुपारी डॉक्टर माथुरबाईंनी आत बोलावलं. श्यामकांत खुर्चीच्या कडेवर बसले. बाई रिपोर्ट वाचत होत्या आणि ते त्यांच्या कपाळाकडे बघत होते.

"बर्वेजी, वॉल्व तो बढ़िया चल रहा है."

"लेकिन पंद्रह साल..."

"वो अंदाज़ा है. हम तारीख देखकर वॉल्व नहीं बदलते. पिछली बार वॉल्व के आर-पार दबाव का फ़र्क बारह था, अब चौदह. इतना चलता है." किती वर्षं टिकेल, असं श्यामकांतांनी विचारलं. बाई म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. उतारवयात बसवलेली पुष्कळदा जास्त टिकते. आणि पुढेमागे थकलीच, तर आता बऱ्याच जणांना मांडीतल्या रक्तवाहिनीतून जुनीच्या आत नवी बसवता येते, छाती न उघडता.

"फिर साँस क्यों फूलती है?"

"हीमोग्लोबिन आठ है. बी-ट्वेल्व भी कम. आप खाते क्या हैं?"

श्यामकांतांनी शेजारी बसलेल्या पद्मजाकडे बघितलं.

"सुबह चाय-टोस्ट," पद्मजा म्हणाली. "दोपहर को भी वही. रात को चेंज के लिए टोस्ट-चाय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली, पोटात कुठे रक्त जात नाही ना याची तपासणी लिहिली, आणि जेवायला लागा म्हणाल्या.

बाहेर येऊन श्यामकांत बाकावर बसले. छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे खरं. रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. पण त्या रडण्यात आणखीही काही होतं. एप्रिलपर्यंतच काढायचंय, या हिशेबावर त्यांनी चार महिने ढकलले होते. आता हिशेब मोडला होता, आणि पुढचे दिवस वृंदाशिवायच काढायचे होते.

"मला वाटलं होतं, लवकरच तिच्याकडे जायचंय," ते म्हणाले.

"ताईने हाकलून दिलं असतं. टोस्ट खाऊन आलात म्हणून."

त्यांना रडता रडता हसू आलं.

काउंटरवरच्या मुलीने पुढच्या इकोसाठी विचारलं, "अगले साल फरवरी लिख दूँ?"

"लिख दीजिए," श्यामकांत म्हणाले. कार्ड त्यांनी जपून खिशात ठेवलं. मग पद्मजाला विचारलं, "पालकाची भाजी करायची, तर आधी काय करायचं?"

"आधी पालक आणायचा, भावोजी."

"तो कुठे चांगला मिळतो?"

"चला," ती म्हणाली. "दाखवते."