तिसऱ्या गाण्यातली बाई

साक्षी लग्न होऊन सांगलीहून कराडजवळच्या गावात आली, तेव्हा सासऱ्यांशी काय बोलावं हे तिला कितीतरी दिवस कळतच नव्हतं. लालासाहेब तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. तोफांच्या आवाजानं त्यांचा डावा कान अधू झाला होता, त्यामुळे ते मोजकंच बोलत. साक्षीचा नवरा वीरधवलही फौजेतच, राजस्थानात. साक्षी कराडच्या शाळेत शिकवायची आणि आबा तिला रोज सकाळी गाडीनं सोडायचे. उसाच्या फडांमधून रस्ता मलकापूरपर्यंत यायचा, तिथे वाहनांच्या गर्दीत गाडी अडकायची, आणि एवढ्या वेळात दोघं एकमेकांशी चार शब्दही बोलायचे नाहीत. साक्षी कानात इयरफोन घालून बसायची.

एका शुक्रवारी आबा म्हणाले, "सूनबाई, काय ऐकताय ते आमाला बी ऐकवा की."

साक्षी चपापली. "नवीन अल्बम आहे आबा. आजच आलाय. तुम्हाला नाही आवडायचा."

"लावा तर. मग सांगतो."

तिनं फोन गाडीला जोडला. मुंबईचा कुणी तरुण गायक होता. मलकापूर येईपर्यंत आबा ऐकत राहिले. मग गाडी थांबल्यावर म्हणाले, "गळा चांगला हाय गड्याचा. पण दर ओळीला 'बघा, मी कसा गातोय' म्हणतोय. गाणं बाजूलाच ऱ्हातंय."

साक्षी खो खो हसली. तिलाही नेमकं तेच खटकलं होतं, फक्त असं सांगता आलं नसतं.

सांगलीच्या कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचा तिचा एक ग्रुप होता. नाव 'शुक्रवारचे कान'. दर शुक्रवारी नवे अल्बम आले की जो तो आपलं मत टाकायचा, आणि मग रविवारपर्यंत भांडणं चालायची. बँकेत नोकरी करणारा आणि आवडीनं गाणारा अवधूत हा ग्रुप चालवायचा. साक्षीनं आबांचं मत त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून टाकलं. ग्रुप वेडा झाला. पुढच्या शुक्रवारी सकाळपासूनच विचारणा सुरू, "आबा काय म्हणतात?"

आबा म्हणत गेले. वाद्यांनी खच्चून भरलेल्या एका अल्बमबद्दल ते म्हणाले, "लग्नाला निघालेल्या बाईनं घरातलं समदं सोनं एकदमच अंगावर घातल्यासारखं झालंय." केरळातल्या पोरांचा एक अल्बम त्यांना इतका आवडला की शब्द कळत नसतानाही त्यांनी शाळेच्या दारात गाडी थांबवून शेवटचं गाणं संपू दिलं, आणि साक्षीला हजेरीला उशीर झाला. घरी सासूबाई, मनुबाई, म्हणायच्या, "आवं, माझ्याशी तुमी जल्मात एवढं बोलला न्हाई." आबा मिशीत हसायचे.

त्या दिवाळीत अवधूतचा स्वतःचा पहिला अल्बम येणार होता. 'हळदपेठ' त्याचं नाव. सगळी गाणी त्याची, रेकॉर्डिंग घरातच, मित्रांच्या मदतीनं. आबांकडे साधा बटणांचा फोन, म्हणून त्यानं खास त्यांच्यासाठी अल्बम पेनड्राइव्हवर घालून पाठवला. साक्षी तो पेनड्राइव्ह गाडीत लावून ठेवून दिवाळीला माहेरी गेली.

अल्बम आला त्या दिवशी सगळा ग्रुप सांगलीत अवधूतच्या घरी जमला. फराळ झाला, गाणी झाली. तिसरं गाणं संपताच सगळ्यांनी ते पुन्हा लावायला लावलं. एक माणूस नदीच्या या काठावरून हाक मारतो आणि पलीकडून एक बाई उत्तर देते, असं ते गाणं. हाक अवधूतची, उत्तर त्याच्या बायकोचं, स्वानंदीचं. ती याआधी कधी कुणासमोर गायली नव्हती.

साक्षीनं लगेच आबांना फोन लावला. "आबा, ऐकलात का? तिसऱ्या गाण्यातला स्वानंदीचा आवाज कसा वाटला?"

पलीकडे चालू असलेलं गाणं आबांनी बंद केलं. मग आबा म्हणाले, "ऐकतो अजून. मग सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. शुक्रवार गेला, भाऊबीज झाली, ग्रुपवर आबांचं मत नाही. बाकीच्यांनी भरभरून लिहिलं होतं; पण अवधूत साक्षीला म्हणाला, "आबांना आवडला नाही वाटतं. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहेत."

"आबा तसे गप्प बसणारे नाहीत रे," साक्षी म्हणाली. पण तिलाही काही कळेना. तिनं घरी फोन केला तर मनुबाई म्हणाल्या, "काय की बाई. सकाळ-संध्याकाळ गाडीत जाऊन बसत्यात. एकच गाणं. जेवणात बी ध्यान न्हाई."

शेवटी अवधूत म्हणाला, "मीच तुला सोडायला येतो. तोंडावर सांगू देत." स्वानंदीही निघाली.

तिघं पोचले तेव्हा आबा अंगणात गाडीपाशीच उभे होते. त्यांनी पाहुण्यांना पाणी विचारलं, पण नजर चुकवत होते. चहा झाल्यावर अवधूतनं विषय काढलाच. "आबा, अल्बम वाईट असेल तर तसं सांगा. दुसऱ्यांना सांगता तसंच."

आबांनी कप खाली ठेवला. "वाईट न्हाई. मला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"तिसऱ्या गाण्यात ही पोरगी गाती म्हणत्यात समदी. मला बाई कुठंच ऐकू येत न्हाई. तुझी हाक येती. मग नुसती ढोलकी. मग परत तुझी हाक. मी किती बार ऐकलं असंल. डावा कान तर कवाच गेला. आता उजवा बी चालला वाटतं." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "आता कुठं गाण्याची गोडी लागली हुती."

मनुबाई पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. अवधूत मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. "आबा, तुम्ही ऐकलंत कुठं? गाडीतच ना?"

"व्हय. दुसरं कुठं?"

"चला बघू."

अवधूत ड्रायव्हरच्या जागेवर बसला, आबांना शेजारी बसवलं आणि तिसरं गाणं लावलं. हाक आली. मग नुसती ढोलकी. अवधूतनं सगळा आवाज डाव्या बाजूला वळवला, आणि गाडी एकदम मुकी झाली. तो मोठ्यानं हसायला लागला.

"आबा, तुमचा कान ठणठणीत आहे! डावीकडचे स्पीकरच बंद आहेत. माझा आवाज आम्ही उजवीकडे ठेवलाय आणि हिचा डावीकडे. नदीचे दोन काठ वाटावेत म्हणून. गाडीनं तुम्हाला एकच काठ ऐकवला."

मनुबाई म्हणाल्या, "उंदीर! दसऱ्यापास्नं गाडीखाली घुसतोय म्हणून मी सांगत हुते का न्हाई?" सीटखाली बघितलं तर वायर खरंच कुरतडलेली होती.

आबांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि मग स्वानंदीकडे बघितलं. "पोरी, तुझं ऐकायचंच ऱ्हायलं की गं."

"वायर जोडून घेऊ," अवधूत म्हणाला.

पण स्वानंदी मागचं दार उघडून आत बसली. "लाव तू," ती म्हणाली. अवधूतनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. हाक आली, आणि ढोलकी सुरू होताच तिनं मागून उत्तर दिलं. सुरुवातीला आवाज जरा कापत होता. दुसऱ्या हाकेला तो मोकळा झाला. आबांनी मान वळवून उजवा कान तिच्याकडे केला होता. साक्षी आणि मनुबाई गाडीबाहेर उघड्या दाराला धरून उभ्या होत्या. शेजारच्या सुलाबाई भाजी निवडता निवडता कुंपणापाशी आल्या आणि तिथंच थांबल्या.

गाणं संपल्यावर आबा सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "सूनबाई, घ्या रेकॉर्ड करून."

साक्षीनं फोन पुढं केला. आबांनी घसा साफ केला. "तर मंडळी, 'हळदपेठ'. उशीर झाला, गाडीत उंदीर हुता. तिसरं गाणं लय भारी. माणूस नुसती हाक मारतोय तवर त्याची कीव येती. बाईनं ओ दिल्यावर मग गाणं हुतंय. या पोरीनं आता गप्प बसू नये. पहिलं, दुसरं चांगलं. चौथं मात्र लांबलंय. फडात पाणी सोडून माणूस घरी जाऊन झोपल्यावानी."

"चौथं?" अवधूत गाडीतून जवळजवळ उडालाच. "आबा, चौथं माझं सगळ्यात आवडतं गाणं आहे! ते लांबच हवं."

"का हवं?"

"तो सूर मुरायला वेळ नको का?"

"मुरायला लोणचं हाय व्हय?"

"लावतो मी परत. आता नीट ऐका."

"लाव. पण कमी कर म्हणणारच मी."

मनुबाईंनी आत जाऊन चकल्यांचा डबा आणला आणि गाडीच्या टपावर ठेवला. स्वानंदी नवऱ्याची बाजू घ्यावी की आबांची या विचारात होती. तिलाही चौथं गाणं जरा लांबलंय असंच वाटत आलं होतं. शेवटी तिनं एक चकली उचलली आणि हळूच म्हटलं, "मधलं एक कडवं काढलं तर चालेल."

"तू पण?" अवधूत म्हणाला.

आबा खुशीत मागे रेलले, आणि चौथं गाणं सुरू झालं.