तापीची चुनरी तीन लुगड्यांनी कमी पडली

मी डोंगा बोलतोय, नावाड्याची होडी. डोईफोडियाच्या रानातल्या सागाचा. आता बुरहानपूरच्या घाटाखाली पालथा पडलोय. पाठीवर शेळ्या बसतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार माणसांची आहे. येतात, मला हळदकुंकू लावतात, म्हणतात या डोंग्यानं मनकर्णाचा नवस पोचवला. साफ खोटं.

हैदराबाद आपल्यात सामील झालं, ते साल. मनकर्णाचा सुरेश तिकडे फौजेत गेलेला. पोरगा धड घरी आला तर तापीला या काठापासून त्या काठापर्यंत चुनरी चढवीन, असं बाई बोलून बसली. पोरगा आला. माझा मालक भिकन नावाडी. त्यानं दोरी टाकून पात्र मोजलं, दोनशे हात भरलं. तेवढ्या लांबीची चुनरी व्हावी म्हणून कोरी लुगडी गाठी मारून जोडली.

एरवी भिकन मला काठाकाठानं वर ओढून न्यायचा आणि मग सोडायचा. वाहत वाहत मी बरोबर घाटासमोर लागायचो. पण त्या दिवशी नारळ फुटला होता, आणि पूजेची नाव धारेच्या उलट ओढायची नाही असा इथला रिवाज. घाटावरूनच सोडला मला. चुनरीचं एक टोक घाटाच्या खांबाला, दुसरं माझ्यात बसलेल्या सुरेशच्या हातात; शेजारी मनकर्णा आणि वामन मास्तर.

काठ अजून लांब होता आणि कापड संपलं. ताठ झालं, हातातून निसटायला लागलं. टोक सुटलं की नवस मोडला. मनकर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. भिकननं बांबू रोवून मला थोपवलं आणि वर ऐकवलं, "मी डोंग्याचं नाक समोरच्या काठाकडं सरळच ठेवलं होतं."

"तू सरळ ठेवलंस, पण नदीनं कुठं आणलं ते बघ," वामन मास्तर म्हणाले. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. खांबापासून तिरपं दोनशे हात, त्यात धारेनं खाली नजरेच्या मापानं एकशेवीस, म्हणून आडवं एकशेसाठ. म्हणजे मिनिटाला आडवं चाळीस, खाली तीस, तिरपं सरासरी पन्नास. आडवं चाळीसच उरलंय, एका मिनिटाचं काम. पण तेवढ्यात खालीही तीस जाणार, म्हणून कापड पन्नास हात लागेल.

"हिसाब राहू द्या मास्तर, लुगडी किती ते सांगा," मनकर्णा म्हणाली.

"तीन. एक लुगडं अठरा हाताचं."

पलीकडे रंभाबाई धुणं धूत होती. तिला हाक गेली. ती दगडावरची लुगडी उचलून कमरेएवढ्या पाण्यातून आली, पण देताना हात मागं घेतला. "कोरी नाहीत वं. अंगावरची आहेत, विटलेली."

मनकर्णानं ती ओढूनच घेतली. "तापी माय हाय. लेकीच्या अंगचं मायला का बाटतं?"

गाठी बसल्या. मास्तरांचं मिनिट खरं ठरलं. सुरेशनं ते विटकं टोक पलीकडच्या झाडाला बांधलं आणि मनकर्णा मटकन वाळूत बसून रडली.

तर बाबांनो, कुंकू लावायचंच असेल तर रंभाबाईच्या धुण्याच्या दगडाला लावा. मी त्या दिवशी तिरपा गेलो, एवढंच. मला फोडून चुलीत घाला, चालेल. पण जे मी केलं नाही, त्यासाठी माझ्यापुढं हात जोडू नका.